जुनाच भाव

पासष्ट साली लढाई पेटली आणि लष्करी गाड्यांच्या सुट्या भागांचे भाव बघता बघता दुप्पट झाले. दौंडात सुभानच्या लेथवर ट्रकच्या पिना बनत. माल उचलणारे ठेकेदार पोपटराव म्हणाले, "तूबी चढव की भाव. फौजेला निकड हाय, मागशील तेवढं देतील. समदेच घेत्यात."

घरावर नवे पत्रे पडतील, असं सुभानच्या मनात येऊन गेलं. "उद्या सांगतो," तो म्हणाला.

दुपारी राहू गावची पुतळाबाई बाजार उरकून त्याच्या दारात टेकली. तिचा मुलगा संपत सीमेवर फौजेचा ट्रक चालवत होता. तिनं एक तेलकट पिन उचलली, पदरानं पुसली आणि तळहातावर धरून बसली.

"सुभान, ही माझ्या संपतच्या गाडीला लागंल का रं?"

पिन कुठल्या गाडीला जाते, हे सुभानला तरी कुठं ठाऊक होतं! पण तिच्याकडं बघून तो म्हणाला, "व्हय मावशी, त्याच्याच."

दुसऱ्या दिवशी पोपटराव आले. "काय भाव लावू?"

"जुनाच लावा," सुभान म्हणाला. "ह्या समद्या पिना आमच्या संपतच्या गाडीच्या हायेत."