ठेकेदाराची कुस्ती

महायुद्ध संपलं त्या वर्षी दामूशेठ ठेकेदाराने चौक गावात तंबू ठोकून तिकिटावर कुस्त्या लावल्या. पगारी पैलवान कोंडाजीला तो म्हणाला, "आज शेरखानाखाली पडायचं. कोण जिंकणार ते मी ठरवतो."

"माझं गाव हाय शेठ. समोर बाप बसलाय. मी नाय पडनार."

"कुत्र्यासारखा माझ्या दारात आला व्हतास. सांगतो तसं पड, नायतर चालता हो."

कोंडाजी तणतणत मातीच्या हौद्यात उतरला. त्याने शेरखानाला डोक्यावर उचललं आणि असं आपटलं की त्याचा खांदाच निखळला. सारं गाव आरडाओरडा करत आत धावलं. कोंडाजीने शेठकडे बघून शड्डू ठोकला. शेठ मात्र शांतपणे कर्ण्यातून पुकारत होता, "पुढच्या रविवारी हीच जोड पुन्हा!"

कोंडाजी पडलेल्या गड्याला उठवायला वाकला. लाहोरचा शेरखान म्हणून मिरवणारा तो जुन्नरचा मारुती कण्हत म्हणाला, "एवढ्या जोरात का आपटलंस रं? मी पडनारच व्हतो. शेठ म्हनला, तू फकस्त पड, कोंडाजीला चिडवून पाठवायचं काम माझं."