नणंदेची रॅम

साहेब, तुम्ही खोटं बोललात. वेगवेगळ्या कंपनीची, वेगवेगळ्या वेगाची रॅम, म्हणजे मेमरीच्या पट्ट्या, एका संगणकात चालत नाही म्हणालात. जुळणारी जोडी येईल, तोवर थांबा म्हणालात. आणि सील तोडलं तर यंत्र परत नेईन, अशी धमकी वर दिलीत.

ज्याला थांबायला सांगितलंत, तो माणूस बाजारात लिलाव पुकारायचा. गिऱ्हाइकाने तोंड उघडायच्या आत त्याचा टोला तयार असायचा. आजाराने त्याचे पाय गेले, हात गेले, शेवटी जीभ गेली. उरले डोळे. तुमच्या कार्यालयाने संगणक दिला. कॅमेरा नजर टिपायचा, नजर थांबेल ते अक्षर पडद्यावर उमटायचं आणि वाक्य झालं की स्पीकर बोलायचा. दिलात ते चांगलंच केलंत. पण त्यात रॅम इतकी तुटपुंजी, की नजर पुढे जायची आणि अक्षर मागे राहायचं. त्याचा टोला ऐकू येईपर्यंत माणसं चहाचे कप घेऊन दुसऱ्या खोलीत गेलेली असायची. हळूहळू त्याने टोले सोडले. "पाणी." "कूस." "दिवा." एवढंच बोलायचा. बायको घाबरली ती याला.

म्हणून त्या दुपारी तिने संगणकाचं कॅबिनेट जेवणाच्या टेबलावर आडवं टाकलं आणि तुमचं सील नखाने फाडलं.

शेजारी नणंद उभी होती. दोघींचा छत्तीसचा आकडा. नणंद लग्नाचे व्हिडिओ जोडायची. स्वतःच्या संगणकातली अर्धी रॅम उपसून ती रुमालात गुंडाळून घेऊन आली होती.

"वन्सं, आणि तुमचं काम?"

"रखडेल. नवरदेव काय पळून जातायत?"

तिने पट्टी उजेडात धरून पाहिली. "खाच जुळते. झालं तर. माझी पट्टी वेगवान आहे, वहिनी. पण शेजारी तुमची जुनी असली, की तिच्या चालीने चालेल."

"म्हणजे तुमच्यापेक्षा समजूतदार आहे."

"दादा, ऐकतोयस ना?"

दादा ऐकत होता. यंत्र बंद असल्यामुळे त्याला बोलता येत नव्हतं.

बटण दाबलं. पंखा फिरला. पडदा काळाच. बायकोने घाईघाईने बटण दाबून धरलं, बंद केलं. पट्ट्या काढल्या, टोकं खोडरबराने घासली, जागा बदलून बसवल्या. पुन्हा पंखा. पुन्हा काळं. पुन्हा बंद.

"घालवलंत," बायको म्हणाली. "हळू का होईना, हे बोलत होते. ते साहेब आता यंत्र नेतील. मी यांच्याशी कशी बोलू?"

नणंदेचा चेहरा पडला. "एकदा शेवटचं बघू. नाहीतर माझी काढून टाकते."

बटण दाबलं. काळं. बायकोचा हात पुन्हा बटणाकडे गेला आणि तिची नजर नवऱ्यावर पडली. पापणी एकदा मिटली तर हो, दोनदा मिटली तर नाही, हे त्यांचं ठरलेलं. तो दोनदा मिटत होता. परत दोनदा. परत दोनदा.

"काय नाही? बंद करू नको?"

एकदा.

"मग काय, नुसतं बसून राहू?"

एकदा.

बाहेरून मेल्यासारखं दिसतं ते आत काहीतरी जुळवत असतं, हे त्याच्याइतकं कोणाला ठाऊक? रोज लोक त्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत उठून जात होते.

दोघी बसून राहिल्या. हात मांडीवर दाबून. बऱ्याच वेळाने नणंदेने कपाळावर हात मारून घेतला. "अगं बाई! नवी रॅम ओळखीची करून घ्यायला मशीनला पहिल्यांदा वेळ लागतो. मला माहीत होतं की हे! आपणच दर वेळी मध्येच गळा दाबत होतो."

पडदा उजळला.

अक्षरं नजरेबरोबर पळायला लागली. स्पीकर बोलला, "दोघी मिळून एक शहाणी झालात."

बायकोने त्याच्या दंडावर चापट मारली. कितीतरी दिवसांनी मारली.

त्याच आठवड्यात तुम्ही तपासणीला आलात, साहेब. फाटलेलं सील पाहिलंत आणि बायकोला विचारलंत, "हे कोणी केलं?"

नणंदेने तोंड उघडलं. बायकोनेही उघडलं. दोघींच्या आधी स्पीकर बोलला.

"मी."

तुम्ही त्याच्या हातांकडे पाहिलंत. चादरीवर पडले होते, तसेच. मग पुन्हा बायकोकडे वळलात. "यांना कळतंय का, काय बोलतायत ते? यंत्र जमा करावं लागेल."

"थांबा," बायको म्हणाली. "ते बोलतायत."

अक्षरामागून अक्षर उमटत होतं. तुम्ही पेन काढलंत, खिशात ठेवलंत, घड्याळ बघितलंत. दार अडवून नणंद उभी होती. त्या खोलीतून त्या दिवशी कोणी उठून गेलं नाही.

"तिला काय विचारता? सील मी तोडलं. जी रॅम चालत नाही म्हणालात, तिच्यावरच बोलतोय. यंत्र न्यायचंय? मग माझ्या डोळ्यांत बघून सांगा, की तुझी जीभ नेतोय. नेताय का? बोला."