एक्केचाळीस नंबरचा फोन

"पाच रिंगांत तुम्ही फोन उचलला नाही, तर पुढे कुणाकडे वळवू?" फोनवाल्या बाईंनी विचारलं.

दप्तरकाकांनी चष्मा पुसला. पुसलेलाच होता. ऑफिसातले जुने फोन जाऊन इंटरनेटवर चालणारे नवे येणार होते, आणि कुणाचा फोन कुणाकडे वळवायचा हे बाई सकाळपासून टेबलाटेबलाशी जाऊन टिपून घेत होत्या. जुन्या फायलींची ही खोली जिन्याखाली, म्हणून तिची पाळी सगळ्यांत शेवटी.

"बाकीच्यांनी काय सांगितलं?"

बाईंनी लॅपटॉप त्यांच्याकडे फिरवला. खरेदी, गोदाम, आवक-जावक, थेट मोठ्या साहेबांची सेक्रेटरी. नऊ जणांपुढे एकच आकडा होता, एक्केचाळीस. म्हणजे काकांच्या टेबलावरचा हाच फोन.

"सगळे म्हणाले, काका कुठे जातायत, ते असतातच. भाग्यवान आहात हो!"

काकांना भरून आलं. पण क्षणभरच.

"आणि माझ्यापुढे?"

"तेच तर विचारतेय. तुमची चौकट रिकामी राहिली, की मशीन गोड आवाजात आभार मानणार आणि फोन ठेवून देणार."

काकांनी जुना रिसीव्हर उचलला आणि आवक-जावकला लावला. "ताई, माझ्या फोनपुढे तुमचं नाव घालू का? सोमवारपासून मी रजेवर आहे."

"अगंबाई! काका आणि रजा?" ताईंचा आवाज बाईंपर्यंत पोचला. "लग्नासाठी कुणी पाहून ठेवलीय की काय? नका हो माझं नाव घालू, माझ्याच फोनांनी जीव मेटाकुटीला आलाय. आणि तुम्हाला फोन करतंय तरी कोण?"

पलीकडे दोघं-तिघं हसली. काकाही हसले. रिसीव्हर मात्र त्यांनी दोन्ही हातांनी, अलगद खाली ठेवला.

"खरंच कुणाचा येत नसेल, तर राहू दे रिकामी," बाई समजुतीच्या सुरात म्हणाल्या.

"येईल. सोमवारी येईल बहुतेक." काका टेबलावरची धूळ बोटाने गोळा करत राहिले. "छातीचं ऑपरेशन आहे. इथं कुणाला बोललो नाही. दवाखान्यात फॉर्म दिला, म्हणाले जवळच्या माणसाचा नंबर लिहा. घरचा लिहून काय उपयोग, तिथं उचलणारा मीच. मागे रांग खोळंबलेली. मग तोंडपाठ होता तो लिहून टाकला."

बाईंनी स्क्रीनवरच्या एक्केचाळीसकडे पाहिलं.

"नर्स विचारत होती, उचलेल ना कुणी? म्हटलं, उचलेल की. ऑफिस आहे, माणसांना काय तोटा!"

वरच्या जिन्यावरून कुणीतरी धडाधडा उतरून गेलं. बाईंनी लॅपटॉप आपल्याकडे ओढला आणि रिकाम्या चौकटीत दहा आकडे भरले.

"हा माझा मोबाइल. देव करो आणि तो फोन यायची वेळच न येवो. पण आला तर मी असेन तिथून उचलेन."

काकांनी पुन्हा चष्मा काढून पुसला.

"फक्त एक सांगून ठेवा," बाई म्हणाल्या. "तिकडून विचारतील, पेशंटच्या तुम्ही कोण? काय सांगू?"

काका विचारात पडले. बहीण म्हणावं, भाची म्हणावं, मेहुणी म्हणावं. एकेक नातं ओठांपर्यंत आलं आणि संकोचून मागे फिरलं.

"ते बघू," शेवटी ते म्हणाले. "आधी तुमचं नाव तरी सांगा."