बाटलीवरचं नाव

जुन्या बॅटऱ्या फोडून शिसं वितळवायच्या कारखान्यात त्याची चौदा वर्षं गेली होती. हल्ली साधी सर्दीही महिना महिना पिच्छा सोडत नव्हती, बोटावरची जखम भरता भरत नव्हती. "शिसं अंगात मुरलं की रोगाशी लढायची ताकदच जाते," डॉक्टर म्हणाले होते. आता कारखान्याच्या रक्ततपासणीत आकडा वर गेला, की नोकरीवर पाणी सोडायचं.

त्याने रक्त घेणाऱ्या कंपाउंडरला गळ घालून आपल्या नावाच्या बाटलीत बायकोचं रक्त भरून घेतलं. कारखान्याची पायरीही न चढलेली बाई, तिच्या रक्तात शिसं येणार कुठून? "आधी माझा हा दोन महिन्यांचा खोकला तरी जाऊ दे," ती कुरकुरली होती.

रिपोर्टच्या दिवशी त्याचा पाय एका जागी ठरेना. शेवटी मुकादमाने बोलावलं.

"उद्यापासून येऊ नकोस. मर्यादेच्या दुप्पट शिसं आहे तुझ्या रक्तात."



तो घरी आला, तेव्हा ती खोकत खोकत, रोजच्याप्रमाणे त्याचे कालचे, कारखान्याच्या धुळीने माखलेले कपडे धुण्याआधी झटकत होती.