सुगंधा टेकडी

"इथं तुझं शेत नाहीच, बाई." श्यामसुंदर साहेबांनी पडवीत पसरलेल्या नकाशावर पेन्सिल टेकवली. "इथं दलदल आहे. मरोळला कारखाने येणार. पिकाखालची जमीन वगळायचा हुकूम आहे, दलदल नाही. उद्यापासून भराव."

पडवीपुढं भात उभं होतं. इतकं हिरवं, की साहेबांचा पांढरा सदराही हिरवट दिसत होता.

"मग हे काय उगवलंय रे, माझ्या आज्याची दाढी?" रुक्मिणी म्हणाली.

"सरकार डोळ्यांवर चालत नाही, नकाशावर चालतं. हा बघ, पंचवीस सालचा. इथं दलदल. तुझ्या घरामागं सुगंधा टेकडी. या तपकिरी रेषा दाट, म्हणजे चढ उभा. पलीकडं टणक माळ. माझी जीप तिथंच लावलीय."

रुक्मिणी खो-खो हसली.

"हा नकाशा काढणारा तो टोपीवाला! ऐन लावणीत आला. मोजणीची साखळी माझ्या कालच्या रोपांतून फरफटवणार म्हणाला. मी नवी नवरी. म्हटलं, साहेब, पुढं दलदल आहे, परवाच दोन रेडे गिळलेत तिनं. त्यानं आपले बूट बघितले आणि इथंच बसला. ताक प्यायला. मी बोट दाखवीन ते काढत गेला."

"पुरावा काय?"

"खऱ्या दलदलीला मी माळ सांगितलं होतं. जा, जीप बघून ये."

साहेब धावले. चाकं गडप झाली होती. टपावर बगळा बसला होता, तोही काळजीत.

परतले ते मवाळ होऊन. "ओढायला रेडे मिळतील?"

"मिळतील की. आधी शेत काढ त्या कागदावर. शाईनं. खाली सही."

बूट चिखलानं भरलेले. साहेब तिथंच बसले. ताक आलं. रुक्मिणी बोट दाखवत गेली, साहेब काढत गेले. दलदल सरकली, माळ पुसला गेला. शेजारच्या सात घरांची खाचरंही उमटली. त्यातली तीन अजून खणायची होती.

साहेबांनी घरामागं नजर टाकली. तिथं टेकडी सोडा, वारूळही नव्हतं.

"ही सुगंधा टेकडी खोडतो."

आत माजघरात कुणीतरी खाकरलं. रुक्मिणीनं झटकन पदर डोक्यावर ओढला.

"ती राहू दे रे," ती कुजबुजली. "सासू आहे माझी. अजून हललेली नाही."