मधल्या विमानतळावर

“दोन तुकड्यांचं तिकीट काढू नकोस गं,” मावसभाऊ म्हणाला होता. तिकिटं काढून द्यायचा त्याचा धंदा. “पहिलं विमान उतरवून मोकळं होतं, दुसरं म्हणतं आमचा काय संबंध. मधला माणूस कोणाचाच नसतो.” तिने हो हो म्हटलं, फोन ठेवला आणि नवऱ्याकडे बघून हसली. “कमिशन बुडतंय ना, म्हणून पोटात दुखतंय त्याच्या.”

आता ती परदेशातल्या आपल्या घरात ओट्याशी उभी होती. एका हातात फोन, खांद्यावर तान्हं बाळ. सोमवारी तिला कामावर रुजू व्हायचं होतं. बाळाला सांभाळायला निघालेली आई मधल्या विमानतळावर अडकली होती आणि दुसरं विमान तिला न घेताच उडालं होतं.

आईचा फोन तिथे चालत नव्हता. फुकटचं वायफाय हवं तर आधी फोनवर येणारा आकडा टाका म्हणे, आणि आकडा यायला फोन चालायला हवा! शेवटी तिथल्या वर्दीतल्या एका मुलीने स्वतःचा फोन आईच्या हातात दिला होता.

“अगं चिमणे, एक जण म्हणतो बाहेर जाऊन बॅग घ्या आणि पुढच्या विमानाला परत द्या. दारावरचा म्हणतो, व्हिसा नाही, बाहेर जाता येणार नाही. मग मी काय उंबरठ्यावरच बसून राहू?”

“आई, तू घाबरू नकोस. कुठे आहेस आत्ता?”

“निळ्या खुर्च्या आहेत, खांबाजवळ. बाळ उठलं का?”

“बाळाचं सोड गं!”

“सोड काय सोड! बरं, ठेवते. या पोरीची सुटायची वेळ झालीय. आपल्यामुळे कोणाला उशीर नको.”

तिने तिकीट पुन्हा उघडलं. तळाशी करड्या अक्षरांत लिहिलं होतं: सामान प्रवाशाने स्वतः घेऊन पुन्हा जमा करावे. हे वाक्य तिने तेव्हाही वाचलं होतं. उचलायची आणि द्यायची, त्यात काय, असं वाटलं होतं. ती स्वतः त्याच वाटेने दोनदा आली-गेली होती. दारावर कार्ड दाखवायचं, की पलीकडे. पण ते कार्ड होतं ती राहते त्या देशातल्या रहिवाशांचं; ते असलं की मधल्या दारावर व्हिसा लागत नाही. आईकडे ते नाही, हे तिकीट काढताना तिच्या डोक्यातच आलं नाही. कितीतरी वेळा तिने भाव ताडून पाहिले होते, आईच्या पायात मात्र स्वतःच्याच चपला घालून तिला रवाना केलं होतं.

स्वस्त तिकीट देणाऱ्या साइटच्या मदतीच्या चौकटीत एक यंत्र विचारत होतं, “आपला प्रवास कसा झाला?”

तिने आईचं तिथून पुढचं नवं तिकीट काढायला घेतलं. नाव भरलं, पासपोर्टचा नंबर भरला, तेवढ्यात भाव चढला. मागे जाऊन पुन्हा भरलं, आणखी चढला. तिने दात-ओठ खाऊन पैसे भरले आणि विमान कंपनीला फोन लावला.

“तिकीट झालंय, मॅडम. बाहेर जायची गरज नाही. ट्रान्सफर काउंटरवर यायला सांगा, बॅगसुद्धा आम्ही काढून घेऊ.”

“पण तिला सांगणार कोण? तुम्ही जरा बघता का? ती तिथेच बसलीय.”

“प्रवाशाने स्वतः यावं लागतं, मॅडम.”

तिने वर्दीतल्या मुलीचा नंबर फिरवला. मागे बसचा आवाज येत होता. “मी घरी निघाले हो. माझ्या जागी कोण आलंय, माहीत नाही. तुमच्या आई बसल्यात तिथेच. मी निघताना हसल्या माझ्याकडे बघून.”

बाळ रडायला लागलं. तिने त्याला थोपटत थोपटत परदेशातल्या मराठी माणसांचा फोनवरचा गट उघडला. तिथे एरवी भाड्याची घरं आणि जुने पाळणे यांच्या जाहिराती यायच्या. सगळ्यात वर विमानतळाचं नाव टाकून तिने एका अंगठ्याने लिहायला सुरुवात केली.

“तुमच्यापैकी कोणी आज या विमानतळावर असाल, तर कृपा करून एवढं करा. ट्रान्सफरच्या भागात, निळ्या खुर्च्यांवर, खांबाजवळ माझी आई बसलीय. मोरपंखी स्वेटर, मांडीवर कापडी पिशवी. वर्दी नसलेल्या कोणाशी बोलू नकोस, असं मीच तिला बजावलंय. तुम्ही जवळ गेलात की ती पिशवी पोटाशी धरेल आणि दुसरीकडे बघेल. रागावू नका. ‘चिमणीने पाठवलंय’ म्हणा, मग ती ऐकेल. तिला हाताला धरून काउंटरवर न्या, तिकीट तयार आहे. आणि जेवलात का, विचारा. ती हो म्हणेल. पुन्हा विचारा.”