बदली माणूस

“मॅडम, खरं सांगा. माझ्या जागी तुम्ही असता, तर ही नोकरी घेतली असती?”

नूपुरने विचारलं. मनवाने चहाचा कप खाली ठेवला. मुलाखत आटोपली होती. विभागप्रमुख डॉ. सरोजिनी नेमणुकीचं पत्र टाइप करून घ्यायला जातीने ऑफिसात गेल्या होत्या. जाता जाता मनवाच्या कानाशी बजावून गेल्या होत्या, “ही मुलगी हातची घालवू नकोस गं बाई. मी येईपर्यंत हो म्हणवून घे तिच्याकडून.”

परळच्या एका मोठ्या सरकारी इस्पितळात मनवा जेनेटिक काउन्सेलर होती. घराण्यात रक्तातून चालत आलेला आजार पोटातल्या बाळालाही आहे का, याचा रिपोर्ट आईबापांना समजेल अशा भाषेत सांगायचं हे काम. ते करणारी माणसं मुळात मोजकी. शिकून बाहेर पडली की खासगी लॅबवाले त्यांना दारातच गाठतात. इथे जागा एकच, तीही अकरा महिन्यांच्या कराराची. मग एक दिवस घरी बसायचं आणि पुन्हा अकरा महिने. असं करता करता मनवाची अकरा वर्षं कशी गेली ते तिचं तिलाही कळलं नाही.

आता हैदराबादच्या एका लॅबने तिला बोलावलं होतं. कायमची नोकरी, बरोबरीला बारा काउन्सेलर. तिचा नवरा अभिषेक दोन वर्षं तिथेच होता. ‘कधी येतेस’ हे विचारायचंही त्याने हल्ली सोडलं होतं, आणि तिला भीती वाटायची ती त्या न विचारण्याचीच. एक तारखेला रुजू व्हायचं होतं. पण वर्षापूर्वी जायचं ठरवलं तेव्हाच सरोजिनीबाईंना तिने शब्द दिला होता, की बदली माणूस मिळाल्याशिवाय जाणार नाही. तेव्हा वाटलं, दोन महिन्यांचा प्रश्न आहे. वर्ष उलटलं. जाहिरात तीनदा निघाली. पहिल्यांदा कुणी फिरकलंच नाही. दुसऱ्यांदा आला तो वनस्पतिशास्त्राचा. तिसऱ्या वेळची मुलगी चार दिवस टिकली आणि पाचव्या दिवशी जेवायला म्हणून गेली ती गेलीच. बाहेरच्या बाकावरची रांग मात्र एक दिवस चुकली नाही. त्या खोलीची खिडकी समोरच्या भिंतीवर उघडायची. मनवाला तिथे कधीकधी श्वास कोंडल्यासारखं व्हायचं.

आणि चौथ्या जाहिरातीला ही नूपुर आली. लालबागची, हुशार, समोरच्याचं ऐकून घेणारी. अशी मुलगी पुन्हा मिळायची नाही. नुसतं “हो, घेतली असती” म्हटलं की मनवा मोकळी.

पंचाईत अशी, की हा प्रश्न तिला रोजचा होता. रिपोर्ट मुठीत धरून बायका विचारायच्या, ताई, तुम्ही असता तर काय केलं असतं? आणि त्याचं उत्तर द्यायचं नाही, हा या कामाचा पहिला नियम. चांगली-वाईट सगळी माहिती द्यायची आणि ठरवायचं त्यांच्यावर सोडायचं. अकरा वर्षांत मनवाने आपलं मत कुणाच्या गळ्यात मारलं नव्हतं. आज नियम मोडायचाच, तर तो खोटं बोलून कशाला मोडायचा?

“नसती घेतली,” ती म्हणाली.

मग तिला थांबवेचना. “पगार बाहेरच्या निम्मा. बढती नाही. रजा घेतली की दुसऱ्या दिवशी दुप्पट माणसं. सकाळीच तिघींना वाईट सांगून झालेलं असतं, आणि चौथीसमोर घोटभर पाणी पिऊन बसायचं. अकरा वर्षं मी एकटी बसतेय इथे. बोलून मोकळं व्हायला दुसरं माणूस नाही.”

बोलून झाल्यावर तिच्या लक्षात आलं. आलेली सुटका आपण आपल्या तोंडाने परत पाठवली. सरोजिनीबाईंना आता काय सांगायचं, आणि अभिषेकला?

नूपुरने खुर्ची जरा पुढे ओढली.

“दोन लॅबमध्ये इंटरव्ह्यू दिला मी. दोन्हीकडे मी त्यांना हेच विचारलं. दोघं पण म्हणाले, आमच्याकडे एकदम फॅमिलीसारखं आहे, डोळे मिटून ये. तिथेच डाउट आला मला.” ती हसली. “मी येते मॅडम. सोमवारपासून. आणि कॉन्ट्रॅक्टचं टेन्शन नका घेऊ, माझे आजोबा मिलमध्ये नऊ वर्षं बदली कामगार होते.”

इतका आनंद मनवाला कित्येक महिन्यांत झाला नव्हता. सोमवार म्हणजे शिकवायला पंधरा दिवस मिळत होते आणि एक तारीख गाठता येत होती. अभिषेकला फोन करायचाच नाही, सरळ तिकिटाचा फोटो पाठवायचा. सरोजिनीबाई पत्र घेऊन आल्या, नूपुरने तिथल्या तिथे सही केली. बाईंनी मनवाकडे बघून डोळे मिचकावले आणि त्या राउंडला निघून गेल्या.

नूपुरने पर्स खांद्याला लावली. दाराशी जाऊन ती वळली.

“बरं झालं ना मॅडम, हॉस्पिटलने तुमच्या जोडीला दुसरी जागा काढली ते. एकटीला नसतं जमलं मला. तुम्ही आहात म्हणून येतेय मी.”